शिडीचे केस

मी कपडे शिवते. एखाद्या माणसाबद्दल मला विचाराल तर मी आधी छाती सांगेन, मग कंबर, आणि स्वभाव सगळ्यात शेवटी, तोही वेळ उरला तर. शिडीचं माप पहिल्यांदा घेतलं तेव्हा तिची उंची पाच फूट अकरा इंच होती, कंबर अठ्ठावीस, आणि पाय असे लांब की तिच्या गाऊनला बाकीच्यांपेक्षा पाऊण मीटर कापड जास्त लागायचं. ड्रमवाल्याने तिला पहिल्याच दिवशी 'शिडी' म्हटलं. त्यानंतर एकवीस वर्षांत कोणाला त्याहून बरं काही सुचलं नाही, आणि तिनेही ते कधी मनावर घेतलं नाही.

आधीच एक सांगून ठेवते. ती आली तेव्हा सगळे तिला 'तो' म्हणत. मी जुन्या गोष्टीतही 'ती'च म्हणणार आहे. ज्याला अडचण असेल त्याने स्वतः लिहावं, कोणी हात धरलेला नाही.

आमचा हॉल फर्निचरच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर आहे. गुरुवार ते रविवार संध्याकाळी सात वाजता खेळ. पाच पुरुष बायकांचे कपडे घालून नाचतात, गातात, पुढच्या रांगेतल्या नवऱ्यांची टिंगल करतात. शेवटी पाचही जण ओळीने उभे राहतात, ड्रम वाजतो आणि सगळे एकदम डोक्यावरचा केसांचा टोप काढतात. खाली पुरुषाचं डोकं. प्रेक्षकांनी तिकीट काढतानाच हे वाचलेलं असतं, तरी दर वेळी ते 'अरेच्चा' म्हणतात. मला याचं कोडं अजून सुटलेलं नाही. मालक स्वतः विंगेत दिव्याच्या बटणापाशी उभे असतात. पाचवं डोकं उघडं पडलं की ते बटण दाबतात, अंधार होतो आणि खेळ संपतो. त्याआधी नाही.

हा टोप एका ओढीत निघाला पाहिजे, म्हणून त्याला दोनच पिना लावायच्या, चार नाहीत. हे काम माझं. कपड्यांखालचे नितंब हेही माझंच काम. ते खालच्या दुकानातल्या उरलेल्या फोममधून पाव कापायच्या सुरीने कापते. एका वर्षी दुकानात कडक सोफ्यांची टूम निघाली, तर आमच्या पाचही बायका वर्षभर कडक दिसत होत्या.

शिडी आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. दिवसा ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची, अजूनही बनवते. मालकांनी विचारलं, "नाचता येतं का?" ती म्हणाली, "येईल." पहिल्या खेळात सँडलची टाच मोडली, ती गुडघ्यावर पडली, तो गुडघा अजून दुखतो, आणि उठताना दिव्याच्या दांडीवर डोकं आपटलं. लोक हसले. मालकांना हसू फार आवडतं, म्हणून पुढची दोन वर्षं ती रोज दांडीवर डोकं आपटत होती. तक्रार नाही, कुरकुर नाही. फक्त टोपाच्या आत एक स्पंजचा तुकडा शिवून मागितला.

मग एका गुरुवारी मुख्य नाचणाऱ्याला कावीळ झाली आणि मधली पाच मिनिटं मोकळी राहिली. शिडी म्हणाली, मी करते. तिने स्टेजवर एक खुर्ची नेऊन ठेवली आणि त्यावर बसली. हात तोंडावर. संगीत संथ. हळूहळू तिने एक बोट उचललं, मग दुसरं, मग सगळा हात बाजूला केला, समोर कोणी आरसा धरल्यासारखं बघितलं, आणि उठून नाचली. एवढंच. बसणं आणि उठणं. पण ड्रमवाला, जो खेळ चालू असताना मोबाईल बघतो, त्याने त्या दिवशी मोबाईल उलटा ठेवला.

नंतर मी विचारलं, हे कुठून आणलंस? ती म्हणाली, "लॅबमध्ये बायका येतात ना काकू, कवळी बसवून बघायला. महिनोन्महिने तोंडावर पदर नाहीतर हात असतो. पहिल्यांदा हात काढतात तेव्हा अशाच बघतात." तो खुर्चीचा नाच पुढे अठरा वर्षं चालला आणि तो बघायला लोक दुसऱ्या गावांहून यायचे.

ती पस्तिशीला आली तेव्हाची गोष्ट. मला कोणी काही सांगितलं नाही, टेपने सांगितलं. नवीन गाऊनचं माप घेत होते, आणि जिथे फोम लावायचा तिथे फोमशिवायच दीड इंच जास्त भरलं. मी टेप पुन्हा लावून बघितला. टेप तोच, माणूस तोच.

"फोम कमी करू का गं?" मी विचारलं.

"करा."

"किती?"

"डॉक्टर म्हणतात गोळ्यांनी हळूहळू होईल. आत्ता दीड इंच करा, पुढचं पुढे बघू."

तिने मला सगळं सांगितलं असं लोकांना वाटतं. सांगितलं ते एवढंच. मी फोम कापला. घरी जाताना बसमध्ये मला एकदम वाटलं की इतकी वर्षं मी या मुलीला बाई बनवत होते आणि ती आधीपासून तयारच होती, माझा फोम फुकट गेला. मग मला जरा रडू आलं. शेजारच्या माणसाने खिडकी बंद करून दिली, त्याला वाटलं धूळ गेली.

घरी तिने आईला सांगितलं तेव्हा आई भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढंच ना? तू तोंड असं करून आलीस, मला वाटलं लॅबची नोकरी सोडलीस." थोरल्या बहिणीने आपले जुने कपडे पिशवी भरून दिले. एकही घोट्यापर्यंत पोचला नाही. मेहुणे मात्र पेचात पडले. त्यांना 'अरे' म्हणवेना आणि 'अगं' जमेना, म्हणून त्यांनी तिला अहो-जाहो सुरू केलं. आज सहा वर्षं झाली. घरातली सगळ्यात धाकटी, आणि मेहुणे विचारतात, "तुम्ही चहा घेणार का?" बहिणीला वाटतं तिच्यापेक्षा जास्त मान शेंडेफळाला मिळतो. त्यात खोटं काही नाही.

आता केसांचं. ते तिने तीन वर्षं वाढवले. माझ्यासारखीला तीन वर्षं म्हणजे काही नाही, केस आपले वाढतात, आपण कापतो. तिला ते रोज मोजावेसे वाटत. मानेला लागले त्या दिवशी तिने मला मागे वळून दाखवलं. खांद्याला टेकले त्या दिवशी मी आजारी होते, तर फोन करून सांगितलं. स्टेजवर जाताना ती ते घट्ट गुंडाळून जाळीत बसवायची आणि वरून टोप. शेवटी टोप काढला की जाळी दिसायची, लोकांना ती चालायची.

गेल्या वर्षी एका शुक्रवारी जाळी फाटली. ड्रम वाजला, पाचही टोप उतरले आणि शिडीचे केस खांद्यावर आले. मग तिसऱ्या रांगेतला एक जाडा गृहस्थ उभा राहिला आणि म्हणाला, "ही फसवणूक आहे! ही तर खरी बाई आहे!" एवढी वर्षं शिडीला जे ऐकायचं होतं ते पहिल्यांदा भर सभेत कोणीतरी म्हटलं, आणि तेही तक्रार म्हणून.

मालक म्हणाले, "शिडी, मला तुझ्या घरचं काही देणंघेणं नाही. पण शेवटी टोप उतरला की पुरुष दिसला पाहिजे. खेळ त्यावर उभा आहे."

नवी जाळी आणू म्हटलं, तर मालकांचा आता जाळीवर भरवसा नव्हता. पुढे जे झालं त्यात चूक माझी. मीच युक्ती काढली. मोठ्या टोपाच्या आत एक लहान, पुरुषी कापलेल्या केसांचा टोप घालायचा. वरचा काढला की आतला दिसेल, लोक खूश, मालक खूश, केस शाबूत. मी तो आतला टोप तीन दिवस बसून केला. कल्ल्यांवर चार पांढरे केससुद्धा लावले. मला त्याचा फार अभिमान वाटत होता.

शिडीने तो दोन आठवडे घातला. दुसऱ्या आठवड्यात कपडे बदलताना ती म्हणाली, "काकू, बाईचं सोंग मी एकवीस वर्षं केलं, कधी थकले नाही. हे पुरुषाचं सोंग एक मिनिटाचं आहे, पण घरी जाऊन मला जेवण जात नाही."

मी म्हटलं, "एक मिनिट तर आहे."

हे वाक्य मी परत घेऊ शकले तर घेईन.

आतला टोप घामाने सरकायचा, म्हणून शनिवारी तिने लॅबमधून कवळी चिकटवायची पेस्ट आणली. ती पेस्ट ओली झाली की जास्त घट्ट धरते, कारण तोंड ओलं असतं. शिडीला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तिला फक्त एवढं सुचलं नाही की खुर्चीचा नाच झाल्यावर डोकंही ओलं असतं, आणि पेस्टला खालचं काय आणि वरचं काय हे कळत नाही. ती टोपाच्या जाळीतून झिरपली. ड्रम वाजला, शिडीने ओढलं, आणि दोन्ही टोप एकमेकांना चिकटून एकदम हातात आले. खाली तिचे स्वतःचे केस.

लोकांना वाटलं, हा तिसरा टोप. शिट्ट्या सुरू झाल्या. "अजून एक! अजून एक!" कोणीतरी मोजायला लागलं. शिडी हातात दोन टोप घेऊन उभी, आणि समोर अडीचशे माणसं तिचं डोकं सोलायची वाट बघत होती. मालकांनी नाइलाजाने बटण दाबलं.

पण मालक खुशीत होते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "हेच ठेवू! एकाखाली एक तीन टोप, आणि शेवटी बारीक कापलेलं डोकं. तोवर आतला टोप चालेल, पण पुढच्या रविवारपर्यंत केस कापून ये. नाहीतर ओळीत उभी राहू नकोस. आणि जी ओळीत नाही ती खेळात नाही."

शिडी म्हणाली, "बघते." मालकांना ते 'हो' वाटलं.

दुसऱ्याच दिवशी पहिली तारीख होती. आता हेही सांगायलाच हवं की मालकांच्या डोक्यावरही टोप आहे. हॉलमध्ये सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला हॉल रिकामा असताना ते माझ्या खुर्चीत बसतात, मी टोप काढते, डोकं स्पिरिटने पुसते आणि पुन्हा चिकटवते. त्या दिवशी ते डोळे मिटून बसले होते आणि मी गोंदाच्या डब्यात ब्रश बुडवला होता.

"मालक," मी म्हटलं, "शिडीचे केस खरे आहेत."

"म्हणून तर पंचाईत आहे."

"आणि हे?"

त्यांनी डोळे उघडले. "हे वेगळं. हे मी लोकांना दाखवायला काढत नाही."

"तिलाही काढायचं नाहीये. तुम्ही काढायला लावताय."

"बाई, तुम्ही शिवणाचं बघा."

मी डब्याचं झाकण लावलं. त्यांनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "नाही झालं. आज माझा हात दुखतोय." ते थोडा वेळ आरशात बघत राहिले. मग टोप कागदात गुंडाळून खिशात घातला, ड्रमवाल्याची खुंटीवरची टोपी डोक्यावर ओढली आणि जिना उतरून गेले. अर्धा तास मला फार बरं वाटलं. त्यानंतर लक्षात आलं की नाकाने कांदे सोलायच्या नादात मी स्वतःची नोकरीही घालवून बसले असेन. पुढचे सगळे दिवस मालक टोपीतच आले आणि माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

रविवारी पाच वाजता शिडी आली ती डोक्याला घट्ट रुमाल बांधून. मला वाटलं, कापले. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी उगाचच एका धड शिवणीचे टाके उसवायला घेतले. तिने रुमाल सोडला. सगळे केस होते. धुतलेले, विंचरलेले, मधोमध भांग.

"आज टोप नको, काकू."

"अगं, मालक काढून टाकतील."

"काढू देत. कवळ्या आहेतच."

हे ती अगदी सहज म्हणाली, पण माणसांच्या दातांना घासून घासून आकार देणाऱ्या तिच्या हातांना त्या रुमालाची साधी घडी जमेना. ते बघून मला राग आला. कोणावर ते कळलं नाही, म्हणून मी तिलाच म्हटलं, "नीट बस, मान हलवू नकोस." केस वर घेऊन सवयीने दोन पिना लावल्या. मग आठवलं की हे निघायचे नाहीत. आणखी दोन लावल्या.

खुर्चीचा नाच त्या दिवशी कसा झाला ते मला विचारू नका, मी पाठ फिरवून उभी होते. मग ओळ लागली. ड्रम वाजला. चार टोप उतरले. एकवीस वर्षांच्या सवयीने शिडीचाही हात डोक्याकडे गेला, तिथे थांबला आणि खाली आला. ड्रमवाल्याला थांबायचं कधी ते कळेना, तो वाजवतच राहिला. त्याने मालकांकडे बघितलं. मालक बटणावर बोट ठेवून शिडीकडे बघत होते.

"काढ की!" मागून कोणीतरी ओरडलं. "पाचवीचा राहिला!"

ओळीत कोणी बोलायचं नाही असा नियम आहे. शिडी एक पाऊल पुढे आली. "हे माझेच आहेत," ती म्हणाली. "याच्या आत दुसरं काही नाही. मी अशीच आहे."

"टोपच आहे तो!"

पुढच्या रांगेत एक म्हातारी बाई काठी घेऊन बसली होती, शेजारी तिची सून. शिडी तीन पायऱ्या उतरून तिच्यासमोर गेली, दुखऱ्या गुडघ्यावर बसली आणि मान पुढे केली. "आजी, तुम्ही ओढून बघा."

म्हातारीने काठी सुनेकडे दिली. मला वाटलं, हळूच हात लावेल. तिने दोन्ही हातांनी केस धरले आणि हिसका दिला. माझ्या चारही पिना उडाल्या.

"आई गं!" शिडी केवढ्यानं तरी ओरडली.

"खरे आहेत," म्हातारीने मागे वळून सगळ्या हॉलला सांगितलं. मग केस हातातून न सोडता, बोटांत चाचपत, शिडीला म्हणाली, "पण किती कोरडे झालेत हे. तेल लावत जा गं बाई."

हॉल हसला, मग टाळ्या वाजल्या. किती वाजल्या ते मला माहीत नाही, कारण मी शिडीच्या पाठीकडे बघत होते. तिचे खांदे हलत होते आणि म्हातारी तिच्या डोक्यावरून हात फिरवत काहीतरी तेलाचंच सांगत होती. मग अंधार झाला. मालकांनी बटण दाबलं होतं. गुडघा आखडल्यामुळे शिडीला उठता येईना, तेव्हा बाकीच्या चौघांनी तिला अंधारात उचलून आणलं.

आम्ही सगळे मालकांची वाट बघत बसलो. ते आले, किल्ल्या घेतल्या आणि निघून गेले.

गुरुवारी शिडी आपलं सामान न्यायला मोठी पिशवी घेऊन आली. मी जिन्यापाशी तिच्याबरोबरच पोचले. जिन्याच्या तोंडाशी, दुकानाच्या दाराला लागून, आमचा फळा आहे, दाराएवढा मोठा. हॉल सुरू झाला त्या वर्षी मालकांनी तो रंगवून घेतला होता आणि तेव्हापासून त्यावर लाल अक्षरांत एकच मजकूर होता: 'पाच पुरुष, पाच बायका. मोजून घ्या.' फळ्यापुढे स्टुलावर पेंटर उभा होता. खाली मालक, डोक्यावर टोपी, हात मागे. पेंटरने पहिल्या 'पाच'वर पांढरा हात मारला होता आणि त्यावर 'चार' लिहून तो आता काना सरळ करत होता.

चार पुरुष, पाच बायका. मोजून घ्या.

"लोक मोजतात," मालक कोणाकडेही न बघता म्हणाले. "आकडा चुकलेला बरा नाही. शिडी, सात वाजता."

शिडीने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग ती जिन्याच्या पायरीवर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि मोठ्याने रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं. दुकानातली माणसं सोफे बघायचे सोडून दारात आली.

"बाई, हिला वर न्या," मालक मला म्हणाले. दहा दिवसांनी ते माझ्याशी बोलत होते. "लोक बघतायत."

"बघू देत," मी म्हटलं आणि तिच्या शेजारी बसले.